निंदणातलं गो, वेंट, गॉन

माहेर माह्यं नेरकडचं. शाळा चौथीपर्यंतच, कारण पाचवी दुसऱ्या गावात होती आणि बाप म्हणे पोरगी एकटी जाणार नाही, तर नाही गेली. लग्न होऊन दारव्ह्याजवळच्या या गावात आली, निंदणाच्या टोळीत लागली, अन् वीस वर्षं खाली मान घालून खुरपं चालवलं. मी बोलतच नव्हती, काय सांगू तुम्हाले, बायका म्हणत, सुमन आली का नाही ते तिच्या डब्यावरून समजते.

माही पोरगी कोमल दहावीत इंग्रजीत गेली. बाकी सगळ्यात पास, इंग्रजीतच नापास. माह्ये भासरे, म्हणजे मालकाचे, माह्या नवऱ्याचे, मोठे भाऊ, अंगणात उभे राहून म्हणाले, झालं शिक्षण, आता स्थळ पाहू. शाळेतल्या मॅडमनं फेरपरीक्षेचा फॉर्म भरून घेतला होता, पण कोमल म्हणे मी बसतच नाही, तुह्यासंगं निंदाले येते. अन् वही सरपणात फेकली.

मी उचलली. त्यात क्रियापदांचं एक पान होतं, तीन रकाने, इंग्रजीखाली तिनं मराठीत लिहिलेलं. ती तिथंच जास्त चुके. मॅडम म्हणत, यांना नियम नाही, पाठच करावी लागतात. म्हटलं, पाठ करणं तर मलेही जमते. पान प्लास्टिकच्या पन्नीत घातलं, कमरेले खोचलं.

दुसऱ्या दिवशी कपाशीत कोमल माह्या शेजारच्या तासावर, म्हणजे कपाशीच्या ओळीवर, अन् मी सगळ्या बायकांसमोर तोंड उघडलं. गो, ईट, कम, ब्रिंग, असं पार खालपर्यंत, मग पुन्हा वरून दुसरा रकाना, वेंट, एट, केम, ब्रॉट. तास निंदतो तसंच वाचलं, या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत, एक संपला की दुसरा. टोळीतली म्हातारी कौसल्याबाई म्हणे, अवं माय, सुमनले भूत लागलं का इंग्रज? माह्ये कान तापले, पण थांबली नाही. अन् कोमल, निकालापासून हसली नव्हती ती, खुरपं टाकून हसली. आई, उभं नाही वं, आडवं वाचायचं असते! गो वेंट गॉन. म्हटलं, कपाशीत बैलांचा डवरा उभाही चालते अन् आडवाही, मले काय माहीत. ती म्हणे, म्हण आता. मी म्हटलं, चुकली, पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकली. मले सांगता सांगता ते शब्द तिच्याच तोंडात बसत गेले.

मग कौसल्याबाईनं कायदा केला, जी चुकेल तिनं कोमलच्या तासातलं हातभर निंदायचं. सगळ्या बायका लागल्या. कट कट कट आलं की खूश, म्हणत हे बरं वं, बदलतच नाही, नवरा असा पाहिजे. कोणी ब्रिंगचं ब्रिंग्ड केलं की सारं वावर ओरडे, ब्रॉट! चुकायच्या आम्ही, अन् पोरीचा तास आपोआप निंदून होये.

परीक्षेले ती बसली. निकाल दुकानातल्या मोबाइलवर पाह्यला, इंग्रजीत पंचावन्न. बायका दुकानासमोर अशा नाचल्या की दुकानदार म्हणे, बाई, निकाल कोणाकोणाचा आहे? कौसल्याबाई म्हणे, आमचा सगळ्यांचा.

भासरे संध्याकाळी आलेच. मी पदर सावरला, अन् त्यांच्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा बोलली, दादाजी, आता स्थळ नका पाहू, अकरावीचं कॉलेज पाहा. त्यांनी मालकाकडे पाह्यलं. मालक म्हणाले, ती म्हणते तसंच.

आता कोमल सकाळच्या बसनं दारव्ह्याले जाते. टोळीत एक हात कमी, म्हणून तिचा तास मीच ओढते, एकटी दोन-दोन ओळी. कंबर दुखते. दुखो. ज्या ज्या मायची पोरगी वावरातून उठून कॉलेजात गेली असेल, तिची कंबर अशीच दुखो, अन् तिच्या शेजारचा तास असाच रिकामा राहो.