लग्नाच्या साड्यांचा मजला

माणिक्कम : खाली जा म्हटलं ना तुला? मुहूर्ताचे दिवस आहेत, आत्ता जिना भरून गिऱ्हाईक चढेल. मला इथे तमाशा नकोय, पूंगोदै.

पूंगोदै : तमाशा कोण करतंय, अण्णा? मी माझ्या जागेवर उभी आहे. आजारी पडायच्या आधी इथेच उभी असायचे.

माणिक्कम : तेव्हाचं वेगळं होतं. आता मालकांनी स्वतः सांगितलंय, हिला गोडाउनमध्ये बसवा. पंखा आहे, खुर्ची आहे, पगार तोच. घड्या लावायच्या, चिठ्ठ्या डकवायच्या. आणखी काय पाहिजे माणसाला?

पूंगोदै : आरसा.

माणिक्कम : काय?

पूंगोदै : गोडाउनमध्ये आरसा नाही. मी साड्या अंगावर लावून दाखवते, अण्णा. अख्ख्या कांचीपुरात लोक मला त्यासाठी ओळखतात. चिठ्ठ्या डकवायला कुणीही चालेल.

माणिक्कम : बरं, मग युनिफॉर्म कुठे आहे तुझा? सगळ्या मुली निळ्या साडीत, आणि तू ही हळदीच्या रंगाची रेशमी नेसून आलीस. कुणी विचारलं तर मी काय सांगू?

पूंगोदै : युनिफॉर्मचा ब्लाउज खोल गळ्याचा आहे. डावीकडे कापड रिकामं लोंबतं. घालून बघितला घरी. पाठीत वाकून, पदर छातीशी घट्ट धरून उभी राहिले. तशी बाई कुणाला साडी विकणार? म्हणून हा शिवला. गळा बंद, बाह्या कोपरापर्यंत, आतून डावीकडे कापसाचं अस्तर. चार वेळा उसवला, तेव्हा मापात बसला.

माणिक्कम : हळू बोल जरा!

पूंगोदै : मजल्यावर आपण दोघंच आहोत. आणि तुम्हाला काय नवीन आहे? ऑपरेशनला रक्त द्यायला तुम्हीच आला होतात की.

माणिक्कम : म्हणूनच सांगतोय ना, बाई! तुझं वाईट चिंतीन का मी? पण लोकांची तोंडं मला माहीत आहेत. लग्नाची खरेदी असते. डोक्यावर एवढेसे केस, ना वेणी ना गजरा. बघितल्याबरोबर त्यांच्या मनात काहीतरी भलतंच येतं. निदान तो केसांचा टोप तरी घालायचास. आणलेलास ना?

पूंगोदै : आणला होता. बसमध्ये मान वळवली की तो मागे राहायचा. दिवसभर डोक्यात तेवढंच, सरकला का, सरकला का. त्यापेक्षा हे बरं. हे माझं आहे, हाताला लागतं.

माणिक्कम : तुला कळत नाहीये. मालक मला विचारतील.

पूंगोदै : अण्णा, दवाखान्यात मला एक झगा दिला होता. पाठीमागे नाड्या, पुढून सगळ्यांना सारखाच. त्यात असताना डॉक्टर माझ्याशी बोलायचेच नाहीत. नवऱ्याला विचारायचे, हिला रात्री झोप लागते का? मी तिथेच बसलेली! मग एकदा तपासणीला जाताना मी ही साडी नेसले, टिकली लावली, कानात कुड्या घातल्या. डॉक्टर मान वर करून म्हणाले, बसा अम्मा, कसं वाटतंय तुम्हाला? आजार तोच, माणूस तोच. त्या दिवशी मी ठरवलं, कामावर यायचं ते असंच यायचं. मला परत झग्यात घालू नका.

माणिक्कम : झग्यात कोण घालतंय... थांब, कुणीतरी येतंय. तू त्या कपाटामागे हो. आजचा दिवस ऐक माझं.

(पूंगोदै जागची हलत नाही. जिन्यावरून एक प्रौढ बाई वर येतात, चपला काढून गादीवर बसतात.)

कनकवल्ली : दमले बाई! ओळखलंत का? मी कनकवल्ली, तिरुत्तणीची. थोरलीच्या लग्नाच्या साड्या इथूनच नेल्या होत्या. आता धाकटीचं लग्न आहे. तिला बंगळुरातून सुट्टी मिळेना, म्हणून मी एकटीच आले.

माणिक्कम : या, या अम्मा! ओळखलं म्हणजे काय! पाणी घेता? काय दाखवू?

कनकवल्ली : दाखवा सगळं, पण ती मुलगी बोलवा आधी. लांब वेणीची, उंच. काय नाव बरं तिचं... तिने पदर टाकला की साडी बोलायला लागायची. मागच्या वेळी तिनेच सगळं निवडून दिलं होतं.

माणिक्कम : ती... ती रजेवर आहे, अम्मा. म्हणजे सोडलंच तिने काम. दुसऱ्या मुली आहेत ना, खालून बोलावतो एकीला.

पूंगोदै : मीच ती, अम्मा. पूंगोदै. थोरलीला तुम्ही अंजिरी रंग घेतला होता, मोरपंखी काठाचा. तिला हिरवा नको होता, तुम्हाला हवा होता.

कनकवल्ली : तू? अगं... केस कुठे गेले तुझे? तिरुपतीला दिलेस का?

माणिक्कम : हो, हो, तिरुपतीला—

पूंगोदै : नाही. कॅन्सर झाला होता. औषधांनी गेले, आता येतायत.

कनकवल्ली : अय्यो.

पूंगोदै : धाकटी रंगाने थोरलीसारखीच का?

कनकवल्ली : सावळी आहे जरा... हे बघा दादा, मी मनाने वाईट नाही. पण पोरीच्या लग्नाची साडी आहे. सासरची माणसं आहेत, उद्या काही बरंवाईट झालं तर... तुम्ही त्या दुसऱ्या मुलीलाच बोलवा.

माणिक्कम : पूंगोदै, ऐकलंस ना? जा आता.

पूंगोदै : जाते. तुम्ही म्हणत असाल तर जाते, अम्मा. फक्त ही एक बघून घ्या. कुंकवाचा रंग, काठ विटकरी, जरीकाम बारीक. सावळ्या मुलींना लोक उगीच फिके रंग दाखवतात, आणि त्या मुली त्यात आजारी दिसतात. मीही सावळीच आहे. हे बघा, अशी खांद्यावर घेतली. आता माझ्याकडे नका बघू, आरशात बघा.

माणिक्कम : अगं, त्यांना नको आहे—

कनकवल्ली : थांबा हो. जरा बघू द्या... त्या बाजूला वळ. पदर मोकळा सोड.

पूंगोदै : हा घ्या.

कनकवल्ली : काठ भारी पडत नाही ना? आमची बारीक आहे अंगाने.

पूंगोदै : म्हणून तर रुंद काठ नाही काढला. निऱ्या सुळसुळीत पडतील. दिवसभर पाटावर बसायचंय तिला, जड साडीने मुली रडकुंडीला येतात.

कनकवल्ली : फोटो पाठवते तिला. उभी राहा तशीच. मान जरा तिकडे कर. चेहरा नको यायला, नुसती साडी येऊ दे.

पूंगोदै : नाही, अम्मा.

कनकवल्ली : काय नाही?

पूंगोदै : चेहरा कापून फोटो नाही. नुसतं कापडच हवं असेल तर गादीवर पसरते, त्याचा काढा. अंगावरची साडी चेहऱ्याशेजारी कशी दिसते तेच तर तिला बघायचंय. माझ्यावर बघायची असेल तर माझ्यासकट.

माणिक्कम : पूंगोदै! माफ करा अम्मा, ही आजारपणातून उठली आहे, हिचं डोकं...

पूंगोदै : माझं डोकं ठिकाणावर आहे, अण्णा.

कनकवल्ली : फारच ताठ झालीस गं तू! मागच्या वेळी इतकी नव्हतीस.

पूंगोदै : मागच्या वेळी वेणीकडेच बघायचे सगळे. मला ताठ व्हायची गरजच पडली नाही.

कनकवल्ली : ... हं. बघ इकडे. हनुवटी वर घे. काढला. पाठवते.

माणिक्कम : तोवर दुसरे रंग दाखवू का, अम्मा? चहा सांगू?

कनकवल्ली : नको, लागलीच उत्तर देते ती, मोबाइल हातातच असतो. बघा, आलं. "हीच, अम्मा. दुसरी बघूच नकोस."

माणिक्कम : छान! बघा, मी म्हणतच होतो. घडी घालून खाली पाठवतो बिलाला.

कनकवल्ली : पण ही नको हं. म्हणजे हिने अंगाला लावलेली नको. याच रंगाची, याच काठाची दुसरी असेल ना? बंद घडीतली?

माणिक्कम : आहे अम्मा... आहे बहुतेक. पूंगोदै...

पूंगोदै : वरच्या फळीवर, डावीकडून तिसरी. अगदी जुळी आहे. काढून द्या त्यांना. मी नाही हात लावत.

कनकवल्ली : वाईट वाटून घेऊ नकोस गं. आईचं मन असतं.

पूंगोदै : नाही वाटून घेत. काठाच्याच रंगाचा ब्लाउज शिवा तिला, कुंकवी नको. मग साडी एकदम उठून दिसेल.

कनकवल्ली : बरं. येते... तब्येतीला जप.

माणिक्कम : या अम्मा. बिल खाली, उजव्या हाताला. हं, गेल्या. हुश्श! तू काय तिला सरळ नाही म्हणालीस फोटोला! निघून गेली असती म्हणजे?

पूंगोदै : गेली असती तर मी आपण होऊन गोडाउनमध्ये जाऊन बसले असते. मनाशी तसं ठरवूनच बोलले.

माणिक्कम : आणि शेवटी ते दुसरी घडी मागणं... मला सहन झालं नाही, खरं सांगतो. तरी घडी मीच काढून दिली.

पूंगोदै : मला लागलं, अण्णा. खोटं कशाला बोलू? पण पोरीने मला बघून "हीच" म्हटलं. आईने घडी बदलली, पोरीने नाही बदलली. आजच्यापुरतं तेवढं पुरे मला.

माणिक्कम : मालकांना काय सांगायचं ते मी बघतो. गोडाउनला दुसरं कुणीतरी शोधू देत. तू... अगं, ती साडी अजून खांद्यावरच आहे. उतरव की. जिन्यावर माणसं दिसतायत, पाच-सहा तरी असतील.

पूंगोदै : उतरवता येत नाहीये.

माणिक्कम : म्हणजे?

पूंगोदै : डावा हात वर जात नाही. काखेतून ओढ बसते. मघाशी सगळं उजव्यानेच केलं, तुमच्याही लक्षात आलं नाही. कुणाला सांगू नका.

माणिक्कम : नाही सांगत. थांब, मी धरतो. हे टोक सोड आता... हळू. निघाली. तुझा पदर सरकलाय जरा, नीट करू?

पूंगोदै : करा. पिन त्या डबीत आहे.

माणिक्कम : वळ आरशाकडे. ठीक आहे?

पूंगोदै : ठीक आहे. या म्हणावं त्यांना वर.