माज्या लेकीला मराठी येत न्हाई

माजं माहेर शिराळ्याच्या अल्याड, वारणेच्या काठाला, बारकं गाव हाय. आबा लष्करात हवालदार हुतं, पेन्शनीत आल्यावर बी पहाटं बूट घालून रस्त्यानं चालायचं. आमी तिघी भैनी, मी मधली. दोघींना जवळच दिलं आन मला मातूर लांब, विट्याकडं. तिकडची मानसं लय करून गलाईवाली. म्हंजे ताई, सोनाराकडनं जुनं सोनं-चांदी आनायची, भट्टीत गाळायची आन चोख करून द्यायची. आन ही गावात बसून न्हाई, पार तमिळ मुलूख, केरळ, बंगाल, कुटं कुटं जात्यात. गावात ऱ्हात्यात ती म्हातारी मानसं आन दाराला कुलपं.

मी बी लगीन झाल्यावर कोईमतूरला गेले. दुकानाच्या मागं एकच खोली, त्यात त्या आसिडाचा वास, डोळं चुरचुरायचं, आन बोलायला कोन न्हाई. सम्मू झाली तवा बरं वाटलं, निदान बोलायला तरी कोनतरी आलं. समृद्धी तिचं नाव, मी सम्मूच म्हनायची. पैलं बरं चाललं हुतं. मग धंद्यात भांडनं झाली, भागीदार सोडून गेला, आन त्यो राग माज्यावर निघाय लागला. नाव न्हाई घेत मी त्याचं. आदी मालक म्हनायची, आता त्यो म्हनते. हात उचलायचा, ताई. मग आई आजारी पडली म्हनून मी लेकीला घिऊन माहेरी आले ती आलेच. परत जायचं मन हुईना, आन आबा म्हटलं, नगो जाऊस.

त्या साली शिराळ्याच्या नागपंचमीला त्यो आला. मिठाई घिऊन, हसत, आबांच्या पाया पडला. मी म्हटलं सुदारला वाटतं. सम्मू पाच वर्साची, बापाला बघून अशी नाचाय लागली. म्हटला, शिराळ्यात जत्रंला पाळनं आल्यात, बसवून आनतो पोरीला. मी तिची येनी घातली, नवा फ्राक घातला, मीच, माज्या हातानं, आन गाडीवर बसवली. बाबाला घट धर म्हटलं. ती मागं वळून हात करत गेली.

दिवस मावळला तरी न्हाई. फोन बंद. आबांनी शेजाऱ्याची गाडी घेतली, समदी जत्रा पालथी घातली, पाळनंवाल्यांना इचारलं, कुटं काय न्हाई. दुसऱ्या दिवशी विट्याकडं गेलो तर सासू दारातच हुबी. आमाला काय म्हाईत, तुज्या नवऱ्याला इचार म्हटली. कोईमतूरच्या दुकानाला कुलूप, ते आदीच इकल्यालं. पोलिसात गेलो तर ते म्हनले, आवं बाई, बापानंच नेलीया की, चोरानं थोडीच नेलीया, कोर्टात जावा. आता काय सांगू तुम्हाला, मानूस मेलं तर चार जनं येऊन बसत्यात. माजी पोरगी जित्ती हुती, तर बसायला कोन येनार?

मग कोर्ट. आबा सांगलीला माज्यासंगं यायचं, त्येच बूट घालून. त्यो कवाच आला न्हाई, पत्त्यावर मानूस न्हाई म्हनून नोटीस परत यायची. शेवटाला कोर्टानं निकाल दिला, पोरगी आईच्या ताब्यात द्यावी, आन बापानं तिच्या खर्चाला बी द्यावं. आबांनी पेढं आनलं. मी म्हटलं आबा, निकाल माज्या बाजूनं हाय, पर पोरगी कुटं हाय? पेढं तसंच ऱ्हायलं.

आई गेली, मागनं आबा बी गेलं. भैनी म्हनायच्या ये आमच्याकडं ऱ्हायला, पर त्यांच्या घरात पोरं हुती, शाळंला जायची, आमचा डबा कुटं हाय म्हनून वरडायची, मला त्ये ऐकवायचं न्हाई. म्हनून मी तासगावकडं आले, बेदाण्याच्या शेडवर निवडाय बसते, काड्या काढायच्या, काळा मनी बाजूला करायचा. हात चालत्यात, डोस्कं मोकळंच. डोळ्यापुढं सम्मू यायची ती पाच वर्साचीच. बाकीची पोरं वाढली, माजी वाढायचीच न्हाई. पैला दात पडला आसंल, शाळंत गेली आसंल, ह्ये कळायचं पर दिसायचं न्हाई.

तितं शेडवर महादेवी भेटली. जतच्या फुडची, अगदी हद्दीवरची, नवरा वारल्याला, घरात समदी कानडी बोलत्यात. आमी दोघी एका खोलीत ऱ्हायला लागलो. ती लय बोलनारी आन मी गप, म्हनून जमलं.

आन एकदा काय झालं, शेडच्या मालकाची भैन जत्रंला आली. ती बी गलाईवाल्याच्या घरात दिल्याली, तिकडं कर्नाटकात दावनगिरीला ऱ्हाती. आमी चा पीत बसलो हुतो, कुनीतरी माजी गोष्ट काढली, तर ती म्हटली, आमच्या गल्लीतच हाय की गं त्यो, दुकानाचं नाव दुसरंच लावलंय. फोनात गल्लीतल्या गणपतीचा फोटू दावला. पोरींची रांग हुती. मला कुनी सांगाय लागलं न्हाई, ताई. माज्या आईचं त्वांड जसंच्या तसं, शाळंच्या पोरीच्या अंगावर.

वकील म्हनले निकाल घिऊन तितल्या पोलिसात जावा. मला कानडी येत न्हाई, म्हनून महादेवी चार दिवसाची हजरी बुडवून, भाकरी बांधून माज्यासंगं आली. मिरजंतनं रेल्वेत बसलो. वाटंत मी तिला म्हनत हुते, ओळखंल का गं मला? ती म्हटली, आईला न ओळखून कुटं जाईल?

तितल्या पोलिसांनी संगं एक हवालदार दिला हुता. दार एका बाईनं उगाडलं, माज्याच वयाची. तिच्या मागं सम्मू, वही घिऊन बसल्याली. अकरा वर्साची झाल्याली. मी म्हटलं, सम्मू. तिनं बघितलं, आन त्या बाईला कानडीत कायतरी इचारलं. महादेवी म्हटली, ह्या कोन म्हनून इचारतीया. मी म्हटलं सांग तिला, तुजी आई हाय म्हनून सांग. महादेवीनं पदर तोंडाला लावला, मग सांगितलं. सम्मू काय बोलली ती महादेवी मला सांगंना. मी म्हटलं बोल की. तवा म्हटली, माजी आई मेली म्हनतीया.

ती त्याची दुसरी बायकू, कानडी, म्हनून घरात समदं कानडीच; तिला बी तेच सांगितल्यालं. त्यो दुकानातनं आला तर ती त्याला एकच गोष्ट परत परत इचारत हुती, आन त्यो खाली बघून म्हनतो, आत चला, लोकं बघत्यात. लोकं बघत्यात!

हवालदारानं महादेवीकडनं सांगितलं, बाई, निकाल तुमचा हाय, घिऊन चला. महादेवी म्हटली, धर तिचा हात, तुजी हाय. मी धरला. गार पडल्याला हुता. दुसऱ्या हातानं तिनं त्या बाईचा पदर गच धरला आन अव्वा, अव्वा, म्हंजे आई, आई म्हनून वरडाय लागली. मला तवा त्यो गाडीवर घिऊन गेला त्येच दिसलं. आता मी बी तशीच नेऊ का हिला? हात सुटला माजा. सोडला का सुटला, मला सांगता येत न्हाई.

फुडं समदी सांगलीला कोर्टात आलो. जजबाईनं सम्मूला आत घेतलं, बोलायला कानडीवाला मानूस बोलावला, लय येळ बोलल्या. पोरीच्या बापाला असा झापला की त्याची मान वर आली न्हाई. मग मला म्हनल्या, बाई, तुमचा हक्क हाय, तुमाला काय पायजे? मी म्हटलं, मला ती पायजे, पर रडत नगो. म्हनून असं ठरलं, शाळा तितंच, सुट्टी माज्याकडं, आन रविवारी फोन. भैनी म्हटल्या, येडी का काय तू? आसंन येडी.

मे म्हैन्यात आली ती पैल्यांदा. जेवायची न्हाई, महादेवीच्याच मागं मागं, माज्याशी हसायची नुसती, पावन्याशी हसतो तसं. एक दिस दुपारी अंग तापलं तिचं. मी कपाळावर वली घडी ठेवत हुते, आन ती डोळं मिटून अव्वा अव्वा म्हनाय लागली. त्या बाईला हाक मारत हुती, म्हाईत हाय मला. पर खोलीत मीच हुते, ताई. मीच ओ दिली. माज्या हातावर गाल ठिवून झोपली ती, मुंग्या आल्या तरी मी हात काडला न्हाई.

आता शेडचं काम संपलंय, महादेवी गावी गेली, खोलीत मी एकटीच. दोन मानसांची भाकरी थापायची सवय, एक रोज उरती. रविवारी सम्मूचा फोन येतो. मधी बोलायला कोन न्हाई, मग दोघी नुसत्या बघत बसतो. ती तिचा ड्रेस दावती, मी दारातली तुळस दावते. मग ती इचारती, ऊट आयता? म्हंजे जेवलीस का. मी म्हनते आयतु, आयतु. जेवले नसले तरी म्हनते. तितं तिच्या मागं ती बाई हुबी असती, तेलाची वाटी घिऊन, पोरीची येनी घालायला. मी तिला बी हात जोडते. बरं करतीया ती पोरीचं. जितं हाय तितं सुखात असू दे, देवा.

चला ताई, लय येळ बसलाय तुमी. भाकरी हाय, जेवून जावा.