नंबर माझा, फोन त्यांचे

दि. २१ नोव्हेंबर २००५, चंदीगड

मी, विश्राम दत्तात्रय मोहोळकर, वय ५२, केंद्र सरकारी कार्यालयात ड्राफ्ट्समन, राहणार सेक्टर ३५, मूळ गाव कराड. नाशिकहून आलेल्या हवालदारांनी समक्ष विचारले, म्हणून सांगतो की,

नाशिकच्या वसुधाबाईंना सहलीच्या स्कीमसाठी रोज फोन करून कोणी सतावले आणि त्यांच्या फोनवर माझा नंबर दिसला, ही तक्रार मला वाचून दाखवली. ते फोन मी केलेले नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार आहे.

हा फोन मी ऑगस्टमध्ये घेतला. माझी पत्नी प्रतिमा हिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. कोणी नेत्रदान केले की इस्पितळातून फोन येणार आणि त्याच दिवशी पोहोचायचे. त्यांच्या यादीत हाच नंबर आहे.

सप्टेंबरपासून लोक उलट फोन करून शिव्या देऊ लागले. चौकशीत कळले की नंबर पूर्वी फोनवरून सहलीच्या स्कीम विकणाऱ्या एका कंपनीचा होता. कंपनी आयटी पार्कात गेली, तिने नंबर परत केला, तो मला मिळाला. पण बाहेर जाणाऱ्या कॉलवर कोणता नंबर दिसावा हे कंपनी आपल्या मशीनमध्ये भरते, आणि तिथे जुनाच राहिला. आपल्या नावावर असलेलाच नंबर दाखवायचा, असा नियम आहे. मी कंपनीत चार वेळा गेलो. मॅनेजर म्हणाला, "अंकलजी, रूल तो पक्का है, पर मशीनवाला दिल्ली से आएगा." टेलिफोन ऑफिसात म्हणाले, "कंपनी से लिखवा के लाओ जी." कंपनी म्हणाली, त्यांच्याकडून आणा. नुसती टोलवाटोलवी. संताप संताप झाला.

दि. १५ रोजी गुरुपर्वाची, म्हणजे गुरु नानक जयंतीची सुट्टी होती, मी घरी होतो. दुपारपर्यंत एकतीस फोन आले. एकाने प्रतिमालाच नाही नाही ते ऐकवले. तेव्हा मी रिसीव्हर काढून बाजूला ठेवला, तो संध्याकाळी सहाला परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी इस्पितळातून कळले की त्यांनी दुपारी तीनपासून पाच वेळा फोन लावला होता. डोळा यादीतल्या पुढच्या माणसाला दिला.

हे प्रतिमाला सांगितलेले नाही. घरी आलेले सरकारी कागद मुलगी चिन्मयी तिला मोठ्याने वाचून दाखवते. तरी पुढील समन्स माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवावे.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे, बरोबर आहे.

सही/-
वि. द. मोहोळकर