फ्रीझरची खंडेनवमी

...आणि वर मलाच विचारतात, "रुद्राणीअक्का, एवढं चिडायला झालं काय?" काय झालं? अहो, तुम्हाला सांगते, माझी पीएचडी वितळली! पाणी होऊन फरशीवरनं वाहत गेली! चिडू नको तर काय करू?

नाही, आधी ते प्रोटीन काय होतं ते ऐका, म्हणजे तुम्हीपण चिडाल. माणसाच्या पेशीत असतं ते, जनुकावर जाऊन बसतं आणि त्याला सांगतं, हं, हो चालू! म्हणजे बटण दाबणाराच म्हणा की. तेच कंपनीवाले जंतूंमध्ये तयार करतात आणि इवल्याशा बाटलीतनं, बर्फात घालून, संशोधनासाठी पाठवतात. चार महिने वाट बघितली मी! एकच प्रयोग राहिलेला, दिवाळीनंतर पीएचडीच्या नोंदणीची मुदत संपणार, आणि आली एकदाची बाटली. आमच्या लॅबचे शिपाई मल्लप्पामामा, ती उजेडात धरून म्हणतात, "रिकामी हाय की ओ अक्का! फसवलं तुमाला!" अहो मामा, आहे त्यात, डोळ्यांना दिसत नाही! "दिसत न्हाई, आन् त्याला एवढं मोठं कपाट?"

कपाट म्हणजे आमचा उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर. त्या थेंबाचे मी पाच भाग केले, पाच नळ्यांत घातले, डबीत ठेवले, फ्रीझरच्या दारावर चिठ्ठी लावली, 'हात लावू नये', आणि दसऱ्याला कुंभारीला घरी गेले. हात लावू नये! मराठीत! लाल पेनानं!

आता मामा माणूस लई देवभोळा, आणि इथं यायच्या आधी वीस वर्षं यंत्रमागावर. खंडेनवमीला कारखान्यात माग बंद, मागाची पूजा, मागाला विसावा. बरोबर आहे, मागाला बरोबर आहे! पण ह्या माणसानं नवमीला सकाळी लॅब उघडली, मायक्रोस्कोपला झेंडू, वजनकाट्याला झेंडू, फ्रीझरला हळद-कुंकू, नारळ... आणि बटण बंद!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आले तर दारातच चप्पल भिजली. "मामा!!" तर हे हसत हसत समोर, हातात आपट्याची पानं. "घ्या अक्का, सोनं घ्या." सोनं कसलं, फ्रीझर कुणी बंद केला? "विसावा दिला की त्याला! रात्रंदिवस घुर्र घुर्र करतंय, कुणाला दया न्हाई." अहो, त्याला भोंगा आहे, गरम झाला की बोंबलतो, ऐकू नाही आला? "आला की! लई केकाटत होतं. म्हनून त्याचंबी बटण बंद केलं. सणाला रडायचं असतंय व्हय?"

ज्याचं अख्खं काम बटण चालू करायचं, त्याचंच बटण बंद केलं ह्यांनी! आणि चिठ्ठी? मामा, चिठ्ठी नाही वाचली? "वाचली की. हात कुटं लावला? नुसतं कुंकू लावलं!"

चिडू नको तर काय करू?

तरी प्रयोग करून बघितला हो, वेडी आशा. काही नाही. पाचही नळ्या मेलेल्या. तिथंच स्टुलावर बसून रडले, खोटं कशाला बोलू? तेव्हा कुठं मामा घाबरले. जवळ येऊन हळूच विचारतात, "अक्का, पूजेत काय चुकलं काय?"

आमच्या गाइड वैजयंती मॅडम म्हणाल्या, "मुदतवाढीचा अर्ज कर. जे झालं तेच लिही." लिहिलं! रागानंच लिहिलं! 'खंडेनवमीनिमित्त फ्रीझर बंद ठेवण्यात आला.' म्हटलं, वाचू दे समितीला, कळू दे इथं काय चालतं ते! पाच जणं बसलेली. पहिल्यांनी चष्मा वर केला. "नवमी होती म्हणजे बंद ठेवावाच लागतो की." दुसऱ्या बाई, "आमच्यात तर मिक्सरसुद्धा लावत नाहीत." तिसरे माझ्याकडं बघून, काळजीनं, "नारळ फोडला ना?"

सहा महिने मंजूर. खाली शेरा, 'कारण योग्य.'

चार वर्षं त्या समितीपुढं उभी राहतेय मी. आजवर माझं एक वाक्य शंका काढल्याशिवाय पुढं सरकलं नव्हतं. हे पहिलंच.

चिडू नको तर... जाऊ दे. घेतला कागद, आले.