बार्नमध्ये उतू गेलेलं दूध

कादंबरी : बाबा, तू ‘माय वाइफ अँड आय’ असं का म्हणालास?

गुरुनाथ : कधी?

कादंबरी : आत्ता, टाउनशिपच्या हिअरिंगमध्ये. कमिटीतल्या त्या बाईंनी विचारलं, बार्नचं घर केल्यावर तिथे कोण राहणार? आणि तू सरळ सांगितलंस, मी आणि माझी बायको. आईला जाऊन दोन महिने झालेत.

गुरुनाथ : तोंडातून गेलं. अर्ज केला तेव्हा दोघं होतो. तेच उत्तर घोकून ठेवलं होतं.

कादंबरी : शेजारचा डेनिस मागेच बसला होता. मला वाटलं, आता हा उठणार आणि सांगणार.

गुरुनाथ : नाही उठला. टोपी काढून मांडीवर ठेवली फक्त.

कादंबरी : तेव्हा तक्रार करायला बरा पुढे आला होता.

गुरुनाथ : त्याला नावं ठेवू नकोस. सुक्या गवताने भरलेल्या बार्नमध्ये जाळ दिसल्यावर मीही फोन केला असता. त्याला काय माहीत, आत एक बाई दूध उतू घालवतेय!

कादंबरी : जाळ कसला? कॅम्पिंगचा एवढासा स्टोव्ह होता.

गुरुनाथ : टाउनशिपच्या इन्स्पेक्टरला तेवढा पुरला. परमिशनच्या आधीच हे लोक राहायला आले, स्वयंपाक करतायत, असं लिहून गेला. मेमधलं हिअरिंग ऑक्टोबरवर गेलं. अगं, नळ नाही, भिंतीत इन्सुलेशन नाही, आणि हिचा गृहप्रवेश! बाजारात तुरी म्हणतात, तसलं.

कादंबरी : तू चिडलायस तिच्यावर.

गुरुनाथ : चिडलोय. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. पण येतो राग, काय करू? ते दूध नसतं तर मेमध्येच परमिशन आली असती. आज आली. आता कुणासाठी?

कादंबरी : म्हणूनच म्हणतेय, विकून टाक हे. श्रूजबरीला ये माझ्याकडे.

गुरुनाथ : करतोच. पलीकडचा शेतवाला थांबलाय. त्याला जमीन हवी, बार्न पाडणार तो. उद्या तुझं विमान सुटायच्या आत हो म्हणून कळवतो आणि तुझ्या बेसमेंटमध्ये येऊन पडतो.

कादंबरी : बेसमेंट काय! वरची खोली रिकामी केलीय तुझ्यासाठी. आणि विकायचंच ठरलंय, तर ट्रॉयच्या घरी जायचं सोडून गाडी इकडे बार्नकडे का वळवलीस?

गुरुनाथ : शेवटचं बघून घ्यावं म्हटलं. पहिलं अपार्टमेंट घेतलं माझ्या ऑफिसजवळ. ट्रॉयचं घर तुझी शाळा बघून. हा एवढा एकच पडका गोठा तुझ्या आईने पसंत केला होता. जिने नको म्हणाली, एका मजल्यावर सगळं हवं आणि पश्चिमेचं ते मोठं दार हवं.

कादंबरी : बाबा, त्या दुधाच्या दिवशी तू आत का नाही आलास?

गुरुनाथ : रस्त्यावर कुणी लक्ष ठेवायचं? जन्मभर गाड्यांचे ब्रेक तपासले मी. परमिशनशिवाय पाऊल पुढे पडत नाही माझं.

कादंबरी : हाका मारत होती ती.

गुरुनाथ : ऐकल्या ना. म्हटलं, कागद हातात आला की येतो. ऐटीत येतो.

कादंबरी : दूध वर यायला लागलं तेव्हा ती काय म्हणाली, सांगू?

गुरुनाथ : काय?

कादंबरी : म्हणाली, ‘तुझे बाबा म्हणतात मेमध्ये परमिशन. मग नळ, मग सेप्टिक टँक, मग हिवाळा. मला तेवढा वेळ नाहीये गं. मी आजच राहून घेते.’

गुरुनाथ : असं म्हणाली?

कादंबरी : हसत म्हणाली. मग त्या दारात खुर्ची टाकून बसली. किमोमुळे डोक्याला स्कार्फ बांधलेला, त्यातून गवताच्या काड्या निघत होत्या. मला म्हणाली, देव या कोपऱ्यात. ओटा तिकडे. सोफा दारासमोर नको, बाबा ऊन लागलं की कुरकुर करतात.

गुरुनाथ : मी नाही कुरकुर करत.

कादंबरी : करतोस. ती राहिली रे इथे. तासभर का होईना, राहिली.

गुरुनाथ : आणि मला हे आज सांगतेस?

कादंबरी : सांगितलं असतं, तर तिला वेळ नाही हे आपल्याला मानावं लागलं असतं. तुला, आणि मलाही. मला नाही जमलं, बाबा.

गुरुनाथ : मला वाटायचं, त्या दुधापायी ती घराला मुकली.

कादंबरी : तू इंजिनिअर आहेस. सांग, मेमध्ये परमिशन आली असती तर ऑगस्टपर्यंत, आई होती तोवर, घर झालं असतं?

गुरुनाथ : नसतं. पुढच्या उन्हाळ्याशिवाय नसतं. माहीत होतं गं मला. पण रागात असलं की तेवढा वेळ रडू येत नाही.

कादंबरी : मग रड ना. मी आहे.

गुरुनाथ : तू रडायला लागलीस आधी. रुमाल त्या कप्प्यात आहे.

कादंबरी : थँक यू.

गुरुनाथ : त्या शेतवाल्याला उद्या फोन करायचाय.

कादंबरी : हो म्हणून?

गुरुनाथ : नाही म्हणून.

कादंबरी : बाबा, एकटा राहशील इथे? बर्फात?

गुरुनाथ : सगळ्यांसमोर दोघांसाठी मागितलीय परमिशन. आता माघार कशी घेऊ? चल, दाखव मला, कुठला कोपरा देवाचा.

(गाडीची दारं उघडतात. थोड्या वेळाने बार्नचं मोठं दार सरकल्याचा आवाज.)

कादंबरी : हळू ये. बार्नला उंबरठा नसतो, म्हणून तिने इथे रांगोळीची रेघ ओढली होती. पुसली गेली बघ.

गुरुनाथ : कुठे होती नेमकी?

कादंबरी : इथे. या खांबापासून त्या खांबापर्यंत.

गुरुनाथ : थांब मग जरा. मला धर.

कादंबरी : काय करतोस? बूट नको काढूस. थंडी आहे, आत खिळे पडलेत.

गुरुनाथ : असू देत. घरात बूट घालून आलेलं तुझ्या आईला कधी चाललंय?