‘कुत्या’चं पान

एमोके : पुरे हो, अम्ब्रुशकाका! तिसरं सॉसेज आहे हे. कोशासाठी शब्द गोळा करायला आलेय मी, जेवायला नाही.

अम्ब्रुश : खा गं. डुक्कर कापलं की शेजारीपाजारी ताटली द्यायचीच. सवयीने सहा भरल्या. मग आठवलं, गल्लीत आता माझ्या एकट्याच्याच घरातून धूर निघतो.

एमोके : मग एकट्यासाठी अख्खं डुक्कर कशाला कापायचं?

अम्ब्रुश : खाटीक आला, त्याची माणसं आली. दिवसभर घरात बोलणं होतं.

एमोके : ...बरं, कामाचं बोलू. आपल्या हंगेरियन भाषेत कुत्र्याला ‘कुत्या’ का म्हणतात, ते पान सोमवारी छापायला जातंय. गेल्या वर्षी तुम्ही सांगितलंत, तुमचे मेंढपाळ आजोबा ‘कुच कुच’ करून कुत्र्याला बोलवायचे, त्यावरून शब्द पडला.

अम्ब्रुश : अगदी बरोबर.

एमोके : त्याआधी कुणा तुर्की शिपायाने आणला होता. त्याआधी तुमच्या पणजीने.

अम्ब्रुश : वय झालं. नवं नवं आठवतं.

एमोके : चर्चची जुनी नोंदवही पाहिली मी. तुमचे आजोबा चांभार होते.

अम्ब्रुश : ...कधी पाहिलीस?

एमोके : पहिल्याच वर्षी.

अम्ब्रुश : आणि तरी चार वर्षं येत राहिलीस? अगं, वेडी का खुळी तू!

एमोके : बुडापेस्टमध्ये माझ्याशी इतकं खोटं कुणी बोलत नाही. खरं तर कुणी बोलतच नाही.

अम्ब्रुश : मग छापणार काय?

एमोके : ‘मूळ अनिश्चित. बहुधा कुत्र्याला हाक मारण्याच्या आवाजातून.’

अम्ब्रुश : म्हणजे माझी थाप अगदीच वाया नाही गेली. पण पान मिटलं. आता तुला यायला निमित्त नाही.

एमोके : ऑफिस गाडीभाडं देणार नाही, एवढं खरं.

अम्ब्रुश : माझा कुत्राही सप्टेंबरात गेला. अजून संध्याकाळी हाक मारतो त्याला. मूर्खपणा!

एमोके : सहातली ही एक मी संपवली. उरलेल्या पाच ताटल्या बांधून द्या.

अम्ब्रुश : पाच? एवढं खाणार कोण?

एमोके : माझ्या मजल्यावर पाच दारं आहेत. एकही कधी वाजवलं नाही मी.

अम्ब्रुश : थांब, फडकी आणतो. आमच्याकडची रीत माहीत आहे ना? ताटली परत करायची, तीही रिकामी नाही.

एमोके : माहीत आहे. पाचही आणून देईन.

अम्ब्रुश : एकदम आणू नकोस गं. एकेक आण.