शिवलेली बाही

—नाही हो ताई, बेल कितीही दाबलीत तरी उघडणार कोण, घरात कुणी असेल तर ना. मायलेकी बाहेर गेल्यात. कुठे म्हणजे—बाहेर. तुम्ही माझ्याकडे बसा, ते कापड सरकवा, टाचण्या तेवढ्या बघा. मी शेजारीण, शिवणकाम करते. तुम्ही टिल्लीच्या व्यायामवाल्या ताई ना? जिन्यावर पाय वाजले तेव्हाच दार किलकिलं केलं होतं मी—सवय आहे, लोक नावं ठेवतात, ठेवू देत.

टिल्ली बरी आहे, चांगली बरी आहे. शाळेला तसंच सांगा. सोमवारी मोठ्या बाई ठरवणार, पोरीला ठेवायचं की काढायचं, आणि त्यांनी ऐकलं तर तुमचंच ऐकतील, म्हणून म्हणते. ती मारकुटी नाही हो. आम्हालाही आधी वाटायचं, सात वर्षांची घोडी, वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलाच्या तोंडावर सारखा हात कसा बसतो हिचा—आईनं धपाटे दिलेत, खोटं कशाला बोलू. मग तुम्ही आईला समजावलंत, आणि तिनं इथे बसून रडत रडत मला सांगितलं—की तान्ह्या बाळाची मान ज्या बाजूला वळते, त्या बाजूचा हात आपोआप ताठ होतो, काही महिन्यांत ती खोड आपली आपण जाते, हिची गेलीच नाही. बाईंनी डावीकडून हाक मारली की मान वळते, मानेबरोबर हात सुटतो, तो त्या पोराच्या नाकावर. मी विचारलं होतं तिला एकदा, का गं मारतेस? तर म्हणाली, मी नाही मारत काकू, हातच जातो. आणि आम्ही धपाटे घालत होतो.

व्यायाम? करतो ना. मांजर होऊन हातागुडघ्यांवर राहायचं, मान हळूहळू वळवायची, कोपर वाकू द्यायचं नाही—इथेच, या सतरंजीवर. मीही होते मांजर, मग उठताना मशीन धरावं लागतं, ती खिदळते. पण ताई, तुम्ही म्हणता घाई नको, दमली की थांबा, महिने लागतील—आणि शाळा म्हणते सोमवार. तिच्या आईनं या दोन्हींचा मेळ कसा घालायचा? डावीकडची जागा रिकामी ठेवा, समोरून हाक मारा, एवढंच मागितलं होतं तिनं, तर म्हणे वर्ग एका पोरीसाठी चालत नाही. दुसरी शाळा घेत नाही. घरी ठेवली तर आईची नोकरी जाते, नवरा परगावी, तो फोनवर नुसतं विचारतो, काढलं का? मग माणूस करतं काहीतरी वेडंवाकडं.

वेडंवाकडं म्हणजे—तसं नाही. उलट आज शाळेत कुणालाच लागलं नाही. दिवसभर. बाईंनी शाबासकी दिली. कसं म्हणजे, झालं आपलं—अहो, थंडी आहे, स्वेटर असतोच अंगात, तर त्याची डावी बाही कमरेशी जरा टाचली, एवढंच. ओढली तर सुटेल अशी—म्हणजे मला वाटलं सुटेल. आई सकाळी दारात उभी, डोळे सुजलेले, म्हणाली, काकू, सोमवारपर्यंत फक्त. मी म्हटलं, हे बरं नव्हे. म्हटलं, आणि सुई ओवली. माझे टाके उसवत नाहीत ताई, लोक कौतुक करतात त्याचं.

पाणी घ्या. काही झालं नाही हो. शाळा सुटली, पायऱ्यांवर मागून कुणीतरी ओरडलं, ती दचकली—तिचं दचकणं तुम्हाला ठाऊक आहे, सगळं अंग उडतं—आणि पडताना माणूस काय करतं, हात पुढे टाकतं. एक टेकला तिचा. दुसरा... ओठ फुटलाय नुसता. दात हलतोय, दुधाचाच असेल. आई म्हणाली, त्या ताईंना दिसता कामा नये, दिसलं की संपलंच सगळं. असं बघू नका माझ्याकडे. काय सांगणार तुम्ही सोमवारी? आईनं पोरीचा हात शिवला, असं? शिवला मी. माझं नाव सांगा. पण तिला काढू नका म्हणावं, पाया पडते तुमच्या, ती नाही मारत, हातच—उठू नका ना, म्हटलं ना घरी कुणी—अहो, डबा, तो बटणांचा डबा—

ऐकलंत. डबा पडला तशी आत दचकून ओरडली ती.

माझ्याकडेच आहे, आतल्या खोलीत. आई औषध आणायला गेलीय. या. मागून नका जाऊ, समोरून जा, तुम्ही दिसाल असं. स्वेटर अजून तसाच आहे अंगात. मघाशी कात्री घेऊन गेले, तर कोपऱ्यात सरकली आणि म्हणाली, काकू, उसवू नका, मग हात जाईल.

ही घ्या कात्री. तुम्ही बघा सांगून.